रेसमधून निवृत्त झालेला घोडा सवारीसाठी तयार करणे (पुणे परिसर)

मांजरीकर (धागाकर्ता)

पुण्याचा रेसचा हंगाम पावसाळ्यात असतो, मुंबईचा हिवाळ्यापासून एप्रिलच्या आसपास संपेपर्यंत. दोन्ही हंगामांच्या शेवटी वेगात मागे पडलेले किंवा पायाने कुरकुरणारे थरोब्रेड (रेससाठी पैदास केलेल्या जातीचे घोडे) बाहेर पडतात. दिसायला राजबिंडे, किमतीला हलके. मग ते थेऊर, मुळशी, पिरंगुटकडच्या फार्महाऊसवर येतात आणि पंधरवड्यात तक्रार सुरू होते की घोडा वेडा आहे. तो वेडा नसतो. लगाम ताणला की पळायचं, हे त्याला शिकवलेलं असतं आणि तो ते चोख करत असतो. आपण थांबवायला लगाम ताणतो, तिथेच गाडं अडतं.

या विषयावरचे प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून एकाच धाग्यात सगळं येऊ द्या. मी घेण्यापासून सुरुवात करतो.

कागद: पासपोर्ट आणि मायक्रोचिप जुळवा. चिप मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या थोडी खाली असते. स्कॅनर नसलेला डॉक्टर खरेदीच्या तपासणीला नेऊ नका. पासपोर्टात अंगावरचे भोवरे आणि पांढऱ्या खुणा काढलेल्या असतात, त्याही ताडून बघा. (भोवरे ओळख पटवण्यापुरतेच बघा. शुभ-अशुभ भोवऱ्यांवरून चांगला घोडा नाकारणारे लोक अजून आहेत.)

पाय: घोडा आधी कडक, सपाट जमिनीवर हाताने चालवून आणि दुडकीत पळवून बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. मग एकेक सांधा मिनिटभर दुमडून धरून लगेच दुडकीत सोडायचा. पुढच्या पायाच्या मागच्या बाजूची शीर, म्हणजे टेंडन, पाय उचलून बोटांनी चाचपा. जाड, केळ्यासारखी फुगीर लागली तर ती जुनी दुखापत आहे. तेवढ्यावरून नाही म्हणू नका, सोनोग्राफी करा. पूर्ण भरून आलेला टेंडन हलक्या सवारीला वर्षानुवर्षं चालतो, उंच उड्यांना चालेलच असं नाही. नळीच्या हाडावरच्या जुन्या थंड गाठी बहुतेक नुसत्या दिसायला वाईट असतात. मी मागे सरतो ते मागच्या पायाच्या सस्पेन्सरीच्या (नळीच्या हाडामागच्या स्नायुबंधाच्या) दुखण्याला आणि पाठीच्या मणक्यांच्या दुखण्याला. ही दोन्ही सवारीत पुन्हापुन्हा डोकं काढतात.

रक्त: ग्लँडर्सची तपासणी झाल्याशिवाय घोडा आपल्या पागेत आणू नका. हा रोग माणसालाही होतो. सरा (रक्तातल्या परजीवीचा रोग) आणि इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया यांच्याही तपासण्या करा. आणल्यावर तीन आठवडे वेगळं ठाण, वेगळी बादली, वेगळा खरारा.

आणि सईसदादांशी बोला. घोडा कोणत्या बाजूने धरलेला आवडतो, डुलतो का, लाकूड चावून हवा गिळतो का, कोणता खुराक टाकून देतो, नाल ठोकताना त्रास देतो का, हे सगळं त्यांना माहीत असतं आणि कुठल्याच कागदावर नसतं.

---

नवशिका

उत्तम धागा. एक शंका. नर घोडा घेतला आणि नंतर खच्ची केला तर स्वभाव लगेच निवळतो का?

---

अश्ववैद्य

लगेच नाही. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उतरलं तरी अंगवळणी पडलेलं वागणं बराच काळ टिकतं. शस्त्रक्रियेनंतर निदान महिनाभर घोडीपासून लांब ठेवा. त्या आधी धनुर्वाताची लस झालेली हवी. सूज साचू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून हाताने चालवणं गरजेचं असतं, ठाणावर उभा ठेवला की सूज वाढते. पुण्यात हे काम थंडीत उरकलेलं बरं, पावसाळ्यात माश्या आणि चिखल जखमेला नडतात.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, पोट. रेसच्या तयारीत असलेल्या थरोब्रेडमध्ये जठराचे अल्सर इतके आढळतात की काही अभ्यासांत ते प्रमाण ८० ते ९० टक्के भरलं आहे. कारण साधं आहे. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, लाळ मात्र चावतानाच सुटते. दिवसातून तीनदा धान्य, वैरण कमी आणि रिकाम्या पोटी पळणं, यात आम्ल उसळून जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागावर पोचतं. त्यात वेदनाशामकं दिलेली असली तर आणखी भर. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येणं, कुशीला हात लावू न देणं, धान्य अर्धवट टाकणं, अंगी न लागणं, टाच लागली की शेपूट झटकणं ही सगळी 'नाठाळ' लक्षणं पोटाची असू शकतात.

दुर्बिणीची तपासणी शक्य असेल तर उत्तम. त्यासाठी १२ ते १६ तास उपाशी ठेवावं लागतं. नेहमीचा उपचार म्हणजे ओमेप्राझोल, किलोमागे ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस. सकाळी, चारा-दाण्याच्या आधी रिकाम्या पोटी. ४५० किलोच्या घोड्याला हे १८०० मिलिग्रॅम होतं. माणसांची २० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिली तर ९० लागतील, आणि आतले दाणे कुटले तर जठरातच वाया जातात. म्हणून घोड्यांची पेस्ट वापरा, डोस आपल्या डॉक्टरकडून ठरवून घ्या. औषध संपलं आणि खाण्याची पद्धत तीच राहिली तर अल्सर परत येतो.

---

पागेदार

डॉक्टरसाहेबांशी सहमत. आता चाऱ्याचं आपल्या भागापुरतं बोलतो, कारण परदेशी पुस्तकातलं टिमोथी गवत हडपसरच्या चारा बाजारात मिळत नाही.

आधी वजन काढा. छातीचा घेर, कोपरामागून, सेंटिमीटरमध्ये. त्याचा वर्ग करा. त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८७७ ने भागा. घेर १८०, लांबी १६० असेल तर साधारण ४३६ किलो. दर पंधरा दिवसांनी मोजून भिंतीवर लिहून ठेवा.

सुका चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ७ ते ९ किलो, आणि तो दिवसभर तोंडाशी राहील असा. हिरव्यात पाऊण भाग पाणी असतं, त्यामुळे फक्त हिरवं घातलं तर २८-३६ किलो लागेल हे लक्षात घ्या. मारवेल, पवना, हरळीचं वाळलेलं गवत चांगलं. हत्तीगवत (नेपियर) सगळे घालतात कारण वर्षभर मिळतं, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. मुख्य चारा तोच असेल आणि वर गव्हाचा कोंडा असेल, तर हाडातलं कॅल्शियम उपसलं जातं आणि काही महिन्यांत जबड्याची हाडं फुगतात, घोडा जागा बदलून बदलून लंगडतो. कोंड्यात कॅल्शियमच्या जवळपास दहापट फॉस्फरस असतो. रोज संध्याकाळी गरम कोंड्याची लापशी करायची जी जुनी सवय आहे ती सोडा. लसूणघास हा यावर स्वस्त उतारा आहे: सुका एक-दीड किलो, किंवा हिरवा पाच-सात किलो. त्याच्या कॅल्शियमने आम्लही थोडं शमतं, म्हणून सवारीच्या अर्धा तास आधी मूठ-दोन मुठी द्या.

ज्वारीचा हिरवा चारा घोड्याला नकोच. कोवळ्या ज्वारीने जनावराला विषबाधा होते हे शेतकऱ्याला सांगायला लागत नाही. घोड्यात त्याच्या जोडीला लघवीची पिशवी आणि मागचे पाय लुळे पडण्याचा धोका असतो. वाळका कडबा बैलाला ठीक, घोड्याला जाड आणि निकस.

धान्य: रेसमध्ये ५-६ किलो ओट्स खाणारा घोडा असतो. ते दोन-तीन आठवड्यांत उतरवा, दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलो. एका वेळी दोन किलोच्या वर धान्य कधीच नको. हलक्या कामाला दीड-दोन किलो पुरतं. हाडं दिसत असतील तर धान्य न वाढवता तेल वाढवा, ५० मिलिलिटरपासून सुरू करून तीन आठवड्यांत २०० पर्यंत. भिजवलेले हरभरे मूठभर ठीक, किलोभर नको. मीठ ४०-५० ग्रॅम रोज, उन्हाळ्यात घाम बघून जास्त.

---

दुडकी

पागेदार काका, लापशीबद्दल बोललात, आता सगळे सईस तुमच्यावर रागावणार.

मला मोकळं सोडण्याबद्दल विचारायचं आहे. काही जण म्हणतात, घोडा आणला की तीन-चार महिने नुसता चरायला सोडून द्या, मग काम सुरू करा. पुण्यात तेवढी जमीन कोणाकडे आहे?

---

मांजरीकर

जमिनीचा मुद्दा बरोबर आहे, पण माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या घोड्याने दिवसाचे बावीस-तेवीस तास बंद ठाणात काढले, त्याला थेट एक एकरात सोडला तर तो चरत नाही, कुंपणाला धावत राहतो. आणि काम बंद केल्याने जे स्नायू आहेत तेही उतरतात.

पहिले काही दिवस लहान पॅडॉक (कुंपण घातलेली मोकळी जागा), साधारण १० मीटर बाय १० मीटर, आत गवताचे दोन ढीग, पलीकडे शांत म्हातारी घोडी किंवा गाढव दिसेल असं. सोडण्याआधी हाताने अर्धा तास चालवून आणायचा. वेळ अर्ध्या तासापासून सुरू करून तीन आठवड्यांत निम्मा दिवस. जखडून घेणाऱ्या तारेचं कुंपण नको, काटेरी तर मुळीच नको. बांबू आडवे बांधा, उंची साडेचार फूट. कुंपणावर रंगीत पट्टी लावली की भरधाव आलेल्याला कडा दिसते.

दुखापतीतून आलेल्या घोड्याची गोष्ट वेगळी. टेंडन असेल तर विश्रांती डॉक्टर ठरवेल, आणि त्यात मोकळं सोडणं बहुतेक वेळा शेवटी येतं.

---

नालबंद_कोंढवा

खुरांचं कोणी बोलेना म्हणून लिहितो.

रेसची नाल ॲल्युमिनियमची, पातळ आणि हलकी. ती काढून लोखंडी ठोकायची की अनवाणी ठेवायचा, यावर वाद घालण्याआधी खूर बघा. रेसच्या घोड्याचा पुढचा भाग लांब आणि टाच खाली बसलेली असते, कडा खिळ्यांनी फुटलेली, तळवा पातळ. अंगठ्याने तळवा दाबला आणि दबला, तर तो मुरमावर अनवाणी चालणार नाही. अनवाणी करायचं असेल तर मऊ वाळूत सुरुवात, आणि पुढचे पाय शेवटी.

खूर महिन्याला ६ ते ९ मिलिमीटर वाढतो. पुढच्या बाजूने संपूर्ण नवा खूर यायला वर्षाच्या आसपास लागतं. म्हणून एका छाटणीत 'सरळ' करून देणारा नालबंद शहाणा नाही. दर चार-पाच आठवड्यांनी पुढची बाजू थोडी थोडी मागे घ्यायची, टाच वाढू द्यायची. बायोटिन १५-२० मिलिग्रॅम रोज दिलं तर फरक दिसायला सहा महिने धरा. आहे त्या खुरावर त्याचा परिणाम होत नाही, नव्याने येणाऱ्यावर होतो.

पावसाळ्यात खुराच्या तळव्यातला मऊ तिकोनी भाग सडतो, काळा घाण वासाचा द्रव येतो. रोज दोनदा खरवडून कोरडा ठेवा. मोरचूद वापरायचा तर अगदी पातळ, उघड्या मांसावर नको. आणि ठाणात लघवी साचत असेल तर औषधाचा काही उपयोग नाही.

---

एक_रिकीब

आता सवारीवर येऊ का? आधी जमिनीवरून.

बांधणं. या घोड्यांना बहुधा धरून ठेवलेलं असतं किंवा दोन्ही बाजूंनी बांधलेलं असतं. भिंतीच्या एका कडीला बांधून ठेवलं की काही जण मागे झेप घेतात. कडीला आधी सुतळीचा फेरा करा आणि दोरी त्या सुतळीला बांधा. ओढ बसली तर सुतळी तुटावी, मान नाही. नायलॉनची सुतळी नको, ती तुटत नाही.

लंजिंग. गोल फिरवणं बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. दोरी लागली की ते पूर्ण वेगाने गोल पळतात आणि आतल्या पायाच्या सांध्यावर भार येतो. वर्तुळ वीस मीटरपेक्षा लहान नको, सुरुवातीला चालीतच, प्रत्येक हाताला पाच-पाच मिनिटं. आवाजाचे शब्द इथेच पक्के करा: चालीला एक, दुडकीला एक, थांबायला एक लांब 'होऽऽ'. पुढे पाठीवर बसल्यावर हेच शब्द वाचवतात. घोडा शर्यती एकाच दिशेने पळत आलेला असतो, त्यामुळे एका हाताला तो लाकडासारखा ताठ लागेल. त्या बाजूला जास्त वेळ घालायचा मोह आवरा. दोन्हीकडे सारखं काम, ताठ बाजूला फक्त जास्त वेळा थोडं थोडं.

चढणं. जॉकीला चालत्या घोड्यावर पाय उचलून वर बसवलं जातं. त्यामुळे ओट्याशेजारी स्थिर उभं राहणं ही त्याच्यासाठी नवी गोष्ट आहे, आणि रिकिबीत पाय ठेवून एका बाजूला लटकणारं वजन त्याहून नवं.

१. ओट्याशेजारी नुसता उभा करा. हलला तर गोल फिरवून परत तिथेच, न रागावता.
२. ओट्यावर उभं राहून दोन्ही बाजूंनी खोगिरावर हात थोपटा.
३. पोटावर आडवं पडून वजन टाका, लगेच उतरा. मदतनीस डोक्याशी.
४. रिकिबीत पाय, मदतनीस पलीकडची रिकीब खाली दाबून धरेल म्हणजे खोगीर घसरणार नाही.
५. बसताना धप्पकन नाही. बसून दहा आकडे मोजेपर्यंत उभा. मग गाजर. मग चाल.

तंग एकदम आवळू नका. तीन टप्प्यांत, मधे पाच मिनिटं चालवून. थेट आवळला तर काही घोडे पाठ कमानीसारखी उचलून जागीच उसळतात.

---

मुळशीची_माही

अनुमोदन. लोक पाचवी पायरी पहिल्या दिवशी करतात.

---

मांजरीकर

आता मूळ मुद्दा, लगाम. यावर जरा लांब लिहितो.

जॉकी दोन्ही लगाम आवळून एकमेकांवर दुमडून धरतो आणि घोडा त्यावर टेकून पळतो. लगामावर ताण म्हणजे आधार, आधार म्हणजे पळ. शर्यत संपली की जॉकी उभा राहतो, लगाम सैल सोडतो, आणि घोडा हळूहळू उतरतो. म्हणजे त्याच्या डोक्यात सैल लगामाने वेग कमी होतो आणि आवळल्याने वाढतो. घाबरलेला नवशिका आवळतो, घोडा पुढे सरतो, तो आणखी आवळतो. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

यावर उपाय म्हणून जाड, कडक लगाम-कडी (तोंडात बसणारी धातूची कडी) घालणं चुकतं. मी दोन सांध्यांची साधी स्नॅफल (सौम्य कडी) घेतो, तोंडाच्या रुंदीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त. जीभ बांधलेली असेल तर ती सोडा, नाकपट्टीत दोन बोटं सहज जायला हवीत. पहिली सवारी होण्याआधी दातही बघून घ्या. कडेच्या धारदार दाढा आणि पुढचे छोटे लांडगेदात कडीवर आपटत असतील तर तुम्ही कितीही चांगले असाल, उपयोग नाही.

थांबण्याचा क्रम असा: आधी श्वास सोडून अंग जड करा, मग 'होऽऽ', मग एका लगामाने बोटं मिटून उघडणं, मग दुसऱ्याने. दोन्हींनी एकत्र ओढून धरणं कधीच नाही. टेकायला भिंत मिळाली नाही की तो टेकत नाही. पावलं मंदावली की त्याच क्षणी बोटं सोडा. उशिरा सोडलं तर त्याने काय बरोबर केलं ते त्याला कळत नाही. हे सगळं चालीत. चालीत न थांबणारा घोडा दुडकीत थांबणार नाही, हे गृहीत धरा.

टाच. जॉकीची पोटरी घोड्याच्या अंगाला लागतच नाही. त्यामुळे तुमचा लांब पाय लागला की तो एकतर पळतो किंवा घट्ट होतो. पाय लांब ठेवूनच बसा, पण सतत अंगाला टेकलेला ठेवा, एकदम लावू नका. नंतर चालीतच, कुंपणाजवळ, एका पोटरीने मागचं पाऊल एक-दोन पावलं बाजूला सरकवायला शिकवा. टाच म्हणजे फक्त पुढे नाही, हे कळलं की घोड्याच्या डोक्यातली घाई उतरते.

वेळापत्रक विचारणाऱ्यांसाठी: पाठीवरचा पहिला महिना मुख्यतः चाल, २०-३० मिनिटं, दुडकी दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दुडकी वाढवा, चाल बदलत राहा, चाल-दुडकी-चाल. कँटर (दुडकीच्या पुढची, सावकाश धावण्याची चाल) त्यानंतर. रोज नको, आठवड्यात चार-पाच दिवस, त्यात एक दिवस नुसतं हाताने फिरवणं.

---

दुडकी

कँटरला आलं की पुन्हा रेस सुरू होते. यावर काय?

---

एक_रिकीब

दोन कारणं. एक, तोल. त्याला भरधाव पळता येतं, वीस मीटरच्या वर्तुळात सावकाश कँटर करता येत नाही. मागचा भाग पुरेसा मजबूत नसतो म्हणून तो वेगाने तोल सांभाळतो. दुसरं, सवारीदार खाली घट्ट बसतो आणि आवळतो. पहिला कँटर दुडकीतून, वर्तुळाच्या अर्ध्यात, खोगिरावरून किंचित उठून, सहा-आठ उड्या, आणि तो थकायच्या आधी 'होऽऽ'. वेग वाढला तर ओढू नका, वर्तुळ मोठं ठेवून त्यातच फिरत राहा.

चुकीच्या पायाने (वर्तुळाच्या बाहेरचा पाय पुढे टाकत) निघाला म्हणून लगेच झटका देऊन थांबवू नका. शांतपणे दुडकीत या, कोपऱ्यात परत मागा.

आणि शेजारी दुसरा घोडा कँटर करत असेल तर तुमचा नक्की सुटणार. बरोबरीने पळणं हेच त्याचं काम होतं. ग्रुपमध्ये नेताना आधी पुढे, मग मागे, शेजारी शेवटी, आणि सगळं चालीत. मोकळ्या माळावर घरच्या दिशेने कँटर तर करूच नका.

---

तंग_सैल

साइड रेन (कडीपासून तंगाला बांधलेल्या पट्ट्या) लावून लंज केलं तर डोकं लवकर खाली येतं. मला यात काही वावगं वाटत नाही. प्रत्येक गोष्टीत सहा महिने थांबायचं तर घोडा म्हातारा होईल.

---

मांजरीकर

डोकं खाली येतं, पाठ वर येत नाही. नव्या घोड्यात मान आखडून तो कडीच्या मागे लपायला शिकतो, मग तो वाकवून ठेवलेला घोडा बाहेरून छान दिसतो आणि हाताला काहीच लागत नाही. अनुभवी हाताने, लांब ठेवून, दहा मिनिटं वापरायला माझी हरकत नाही. पण पहिल्या तीन महिन्यांत नको. ड्रॉ रेन (तंगापासून कडीतून हातात येणारा, डोकं खाली ओढणारा लगाम) तर नकोच.

---

तंग_सैल

ठीक, लांब ठेवून दहा मिनिटं इथे आपण जुळतो.

---

मुळशीची_माही

खोगिराबद्दल: पाठीचे स्नायू पहिल्या वर्षात इतके बदलतात की आज बसलेलं खोगीर तीन महिन्यांत बसणार नाही. महाग, मापाचं खोगीर सुरुवातीलाच शिवून घेऊ नका. आतल्या सांगाड्याची (ट्री) रुंदी बदलता येणारं किंवा चांगलं वापरलेलं घ्या आणि दर दोन महिन्यांनी तपासा. रिकामं खोगीर ठेवून मानेच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं उभी जायला हवीत, पाठीच्या कण्यावरची मोकळी पन्हळ पुढून मागून आरपार दिसायला हवी. सवारीनंतर घामाच्या डागात कोरडे ठिपके दिसले तर तिथे दाब पडतोय. खांदे मोठे, मागचा भाग सपाट असतो म्हणून खोगीर पुढे सरकतं. जाड जाड नमदे लावून हा प्रश्न सुटत नाही, आणखी घट्ट होतं.

डोक्यावर घोडेस्वारीचंच हेल्मेट. दुचाकीचं हेल्मेट जड असतं आणि मानेला वेगळा झटका देतं.

---

अश्ववैद्य

पावसाळा जवळ आला आहे म्हणून.

काळ्या मातीचं मैदान जून ते सप्टेंबर विसरा. पाणी साचतं, खूर ओढला जातो, टेंडन ताणले जातात. खाली दगडाचा निचरा, वर दाबलेला मुरूम आणि त्यावर सात-आठ सेंटिमीटर वाळू, एवढं असेल तर पाऊस उघडल्यावर तासाभरात काम करता येतं. वाळू दहा-बारा सेंटिमीटर झाली की ती खोल पडते, तीही टेंडनला वाईट.

पाठीवर, पुठ्ठ्यावर खपल्यांचे पुंजके दिसले, उचलले तर केस ब्रशसारखे निघून येतात, तर तो ओल्या कातडीचा जंतुसंसर्ग आहे. क्लोरहेक्झिडिनने धुवा आणि पूर्ण कोरडं करा. ओल्यावर झूल घालू नका.

सरा हा गोमाश्यांमुळे पसरतो. येऊन-जाऊन ताप, खाऊनही उतरत जाणं, पोटाखाली आणि पायांना सूज, फिकट डोळे. घोडा 'आळशी' झाला असं वाटलं की चाबूक न उचलता थर्मामीटर उचला. गोचिडांमुळे होणाऱ्या आजारात लघवी लाल, डोळे पिवळे. दोन्हींची रक्ततपासणी वेळेत झाली तर औषधं आहेत. लशी: धनुर्वात, घोड्यांचा फ्लू, आणि आपल्याकडे भटकी कुत्री आहेत तेव्हा रेबीजही.

---

नवशिका

गणपतीच्या ढोल-ताशाचं काय करता? आमची पागा रस्त्यापासून लांब नाही.

---

पागेदार

रेसकोर्सवर गर्दीची सवय असते, पण ती लांबच्या कोलाहलाची. वीस फुटांवर ताशा म्हणजे वेगळंच. चार-सहा आठवडे आधीपासून चारा खाताना मोबाइलवर ढोलाचं रेकॉर्डिंग हळू आवाजात, कान टवकारून पुन्हा खायला लागला की एक पायरी वर. खाणं थांबवलं तर आवाज कमी करा. विसर्जनाच्या दिवशी सवारी नाही, ठाणाच्या रस्त्याकडच्या खिडक्या झाकून, गवत भरपूर, कानात कापसाचे मोठे बोळे (काढायला विसरू नका), आणि एक ओळखीचा माणूस रात्रभर. फटाक्यांना मात्र असा सराव फारसा लागू पडत नाही. शक्य असेल तर दिवाळीत घोडा शहराबाहेर हलवा.

वरातीला असा घोडा देणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका देऊ. बँड, विजेची माळ आणि वर लहान मूल. यात कोणाचा जीव जाईल सांगता येत नाही.

---

दुडकी

उड्यांची सुरुवात कधी? आणि बांबूंचं अंतर?

---

एक_रिकीब

तिन्ही चालींत लगाम सैल सोडता आला की. आधी जमिनीवर एकच बांबू, चालीत. मग चार बांबू दुडकीत, अंतर १.३ ते १.४ मीटर, थरोब्रेडची ढांग लांब असते, १.२ वर तो अडखळतो आणि मग उडी मारून सगळे एकदम पार करतो. कँटरचे बांबू तीन मीटरच्या आसपास. बांबू गोल असल्यामुळे खुराखाली घरंगळतो, म्हणून दोन्ही टोकांना विटा किंवा वाळूच्या पिशव्या. धाव घेऊन आला तर बांबूंच्या आधी एक वर्तुळ मारा, तो शांत झाला तरच पुढे.

---

नवशिका

शेवटचं. मी वर्षभर शिकतो आहे, दुडकी नीट जमते, कँटर नुकतं. असा घोडा मी घ्यावा का?

---

मांजरीकर

एकट्याने नाही. शिकलेला हात आठवड्यात तीन दिवस बसणार असेल आणि तुम्ही त्याच्या देखरेखीखाली चालीत-दुडकीत बसणार असाल तर विचार करा. नाहीतर दहा-बारा वर्षांचा, दोन-तीन वर्षं सवारीत मुरलेला थरोब्रेड शोधा, किंवा भीमथडी जातीचा घोडा बघा. आपल्या मातीतला आहे, पाय घट्ट, खाणं कमी. घ्यायला जाल तेव्हा मालकाला आधी स्वतः चढायला सांगा, आणि तो ओट्यावरून चढतो की कोणी पाय उचलून बसवतं ते बघा.